वादळ कुठून बघायचं?

होकुसाईची ती निळी लाट तुम्ही पाहिलेली असते. चित्रकाराचं नाव ठाऊक नसलं तरी चहाच्या कपावर, मोबाइलच्या कव्हरवर, टी-शर्टवर, एखाद्या होस्टेलच्या भिंतीवर ती भेटलेली असते. फेसाची नखं काढून कोसळायला आलेली लाट आणि तिच्या जबड्यात तीन होड्या. होड्यांत माणसं आहेत. पुढच्या क्षणी ती वाचणार की बुडणार, हे चित्र सांगत नाही. चित्रांविषयी चार लोकांत बोलणं निघालं की कुणीतरी हमखास विचारतं: इतकी भयंकर गोष्ट चित्रात सुंदर कशी वाटते? आणि ती सुंदर वाटली, तर आपलं काही चुकतंय का?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून टाकणारं उत्तर देऊ नये. माझं म्हणणं असं, की आपत्तीचं चित्र काढताना रंग, रेषा, आकार यांच्याही आधी चित्रकाराला एक गोष्ट ठरवावी लागते: बघणाऱ्याला उभं कुठे करायचं? किनाऱ्यावर, होडीत, ढिगाऱ्यापाशी, की स्वतःच्याच दारात? ते एकदा कळलं की चित्रातलं सौंदर्य आणि चित्रातलं दुःख एकत्र कसं नांदतं, हेही हळूहळू उलगडतं. पण तिथे पोचण्याआधी एक त्याहून साधी अडचण सोडवली पाहिजे.

१. दगड हलत नाही, मग भूकंप कसा दाखवायचा?

आपत्ती म्हणजे हालचाल. भूकंप हादरवतो, पूर वाहून नेतो, वादळ उपटून फेकतं. चित्र आणि शिल्प मात्र जागचं हलत नाही. या अडचणीवरचं एक फार सुंदर उत्तर आपल्या वेरूळला आहे.

सोळाव्या क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलं गेलं. तिथे मंदिराच्या दक्षिण अंगाला, खालच्या बाजूस, रावण कैलास पर्वत हलवतो तो शिल्पपट आहे. खाली काळोख्या कपारीत अनेक हातांचा रावण डोंगराला भिडलाय. वर शिव आणि पार्वती. डोंगर हलल्याचं दाखवण्यासाठी शिल्पकाराने डोंगर वाकडातिकडा केलेला नाही. त्याने पार्वतीकडे ते काम सोपवलं. ती दचकून शिवाकडे कललीय, तिने त्याचा हात धरलाय. तिच्यामागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. आणि शिव तसाच निवांत बसलेला, नुसत्या पायाच्या दाबाने सगळं पुन्हा स्थिर करणारा. एकीने धरलं, एक पळाली, एक हललाच नाही. या तिघांमधल्या फरकातून धक्का आपल्यापर्यंत पोचतो. वेरूळला गेलात तर आधी त्या दासीकडे बघा. भूकंप खरा तिच्या पाठीत आहे.

चित्रकलेतली ही एक मूलभूत युक्ती आहे. जोर स्वतः दिसत नाही, तो ज्याच्यावर पडतो त्याच्या अंगावर दिसतो. वारा काढता येत नाही. वाकलेला माड काढता येतो.

लिओनार्दो दा विंचीने मात्र याच्या नेमकी उलट वाट धरली. आयुष्यभर त्याने वाहत्या पाण्याचं निरीक्षण केलं होतं: धार कुंडात पडली की भोवरे कसे उठतात, प्रवाहात खांब आला की पाणी त्याला वळसा घालून मागे कसं गुंडाळलं जातं. वयाच्या उतरणीवर, १५१७-१८ च्या सुमारास, त्याने काळ्या खडूने महापुराची काही रेखाटनं केली. आज ती इंग्लंडच्या राजसंग्रहात विंडसरला आहेत. वहीच्या पानाएवढी लहान, पण त्यांत आभाळ, पाणी आणि धूळ एकाच प्रकारच्या सर्पिल रेषांनी कोसळताना दिसतात. काही रेखाटनांत माणूस शोधून सापडत नाही. झाडं, घरं कुठेतरी कोपऱ्यात काडीएवढी. इथे धक्का कुणाच्या चेहऱ्यावर उमटत नाही, कारण चेहराच उरलेला नाही. लिओनार्दो जोराचाच आराखडा काढत होता, एखाद्या यंत्राचा काढावा तसा.

म्हणजे दोन टोकं झाली. एका बाजूला जोर माणसाच्या अंगावर उमटलेला, दुसऱ्या बाजूला माणूस वगळून नुसता जोर. पुढची बहुतेक चित्रं या दोहोंच्या मधे कुठेतरी येतात.

२. लाट किती उंच?

आता होकुसाईकडे परत जाऊ. हे चित्र १८३१ च्या सुमाराचं. होकुसाईने तेव्हा सत्तरी गाठली होती. फुजी पर्वताच्या दृश्यांच्या मालिकेतला हा लाकडी ठशांनी छापलेला एक कागद, जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद. छापील असल्यामुळे त्याच्या हजारो प्रती निघाल्या आणि साधा शहरी माणूसही विकत घेऊ शकेल अशा किमतीत विकल्या गेल्या. तेव्हा कपावर आणि टी-शर्टवर छापून त्याचा अपमान झाला असं मानायचं कारण नाही. ते पहिल्यापासून लोकांच्या घरात जाण्यासाठीच केलेलं चित्र आहे.

ही लाट किती उंच असेल? हिशेब करून बघता येतो. त्या होड्या ताजी मासळी वेगाने बाजारात पोचवणाऱ्या, त्यांची लांबी साधारण १२ ते १५ मीटर असे. होडीची लांबी माहीत झाली की चित्रातल्या बाकीच्या वस्तूंना तीच पट्टी लावायची. होकुसाईने उंची थोडी दाबून काढली आहे, तेही हिशेबात धरायचं. असं करून अभ्यासकांनी लाटेची उंची १० ते १२ मीटर काढली आहे, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढी. मोठी लाट आहे, पण वादळी समुद्रात अशक्य कोटीतली नाही.

पुष्कळ जण तिला त्सुनामी समजतात. त्सुनामी खोल पाण्यात अशी उभी राहत नाही. तिथे तिची उंची मीटरभर किंवा त्याहूनही कमी असते आणि लांबी कित्येक किलोमीटर, त्यामुळे वरून जाणाऱ्या होडीला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की ती मंदावते आणि उंचावते. होकुसाईच्या होड्या उघड्या पाण्यात आहेत, त्यांच्यावर आलेली लाट वादळाची आहे.

मग ती तीन-चार मजली लाट आपल्याला डोंगराहून उंच का वाटते? कारण खरोखरच डोंगर तिच्या खाली काढलेला आहे. फुजी पर्वत, ३,७७६ मीटर उंचीचा, चित्राच्या मधोमध, लाटेच्या बाकाखाली, मुठीत मावेल एवढा. दूरची वस्तू लहान दिसते हा नियम होकुसाई युरोपीय चित्रांवरून शिकला होता, आणि त्याच नियमाने त्याने जपानच्या सर्वांत मोठ्या पर्वताला पाण्याच्या पातळीवर आणून ठेवलं. त्यासाठी बघणाऱ्याचा डोळा कुठे हवा? अगदी खाली, पाण्यालगत. किनाऱ्यावरून किंवा टेकडीवरून फुजी असा दिसणार नाही. आपण चौथ्या होडीत आहोत. चित्र सुंदर वाटतं आणि तरी पोटात गोळा येतो, त्याचं कारण इथे आहे.

३. कठड्याच्या आत

सगळेच चित्रकार बघणाऱ्याला होडीत बसवत नाहीत. अठराव्या शतकातल्या युरोपात तर आपत्ती सुरक्षित जागेवरून बघण्याची मोठी हौस होती, आणि त्या हौसेमागे एक विचारही होता.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंप, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटा आणि मग आगी यांनी उद्ध्वस्त झालं. हजारो माणसं मेली. युरोपातल्या विचारवंतांना त्याने मुळापासून हलवलं. दोनच वर्षांनी, १७५७ मध्ये, एडमंड बर्क या तरुण आयरिश लेखकाने एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्याने सुंदर आणि उदात्त अशा दोन वेगळ्या अनुभवांची फोड केली. फूल, गुळगुळीत वळण, नाजूकपणा हे सुंदर. प्रचंड, अंधारं, अमर्याद, जिवाला धोका सुचवणारं ते उदात्त. मात्र धोका फार जवळ आला तर उरते ती नुसती भीती. थोडं अंतर असलं तर त्याच भीतीतून एक वेगळा थरारक आनंद मिळतो, असं त्याचं म्हणणं.

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी मुंबईत मरीन ड्राइव्हवर लोक मुद्दाम कठड्याशी जाऊन उभे राहतात. लाट आपटते, तुषार अंगावर येतात, सगळे ओरडतात, हसतात, पुन्हा पुढच्या लाटेची वाट बघतात. कठडा आहे म्हणून हे शक्य होतं. बर्कचं उदात्त हे त्या कठड्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाचं आहे.

अशा कठड्याआडच्या चित्रांचा उस्ताद म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बी गावचा जोसेफ राइट. १७७४ मध्ये तो नेपल्सला गेला आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीने त्याला झपाटलं. पुढे त्याने या पर्वताची तीसएक चित्रं काढली: काळ्या आभाळात उसळणारा नारिंगी लोळ, पलीकडे शांत समुद्रावर पसरलेलं चांदणं. तो तिथे होता तेव्हा पर्वत धुमसत होता, पण चित्रांत दिसतो तसा प्रलयंकर उद्रेक त्या दिवसांत झालेला नव्हता. राइटने पाहिलेल्याला कल्पनेची जोड दिली. ही चित्रं देखणी आहेत यात शंका नाही. तरी ती पाहताना मला नेहमी वाटतं, की उतारावरच्या गावांतून ही आग कशी दिसत असेल याचा राइटने फारसा विचार केला नसावा.

विल्यम टर्नरला कठडा नको होता. १८४२ मध्ये, सदुसष्टीच्या सुमारास, त्याने बंदराच्या तोंडाशी हिमवादळात सापडलेल्या वाफेच्या जहाजाचं चित्र प्रदर्शनात मांडलं. त्यात वर-खाली, आभाळ-पाणी असा भेदच नाही. राखाडी, पांढऱ्या, मातकट रंगांचा एक मोठा भोवरा आणि मधे जहाजाचा काळा ठिपका, त्याच्या धुराची एक वाकडी रेघ. समीक्षकांपैकी कुणी त्याची साबणाचा फेस आणि चुना अशी संभावना केली. टर्नर सांगत असे, की हे वादळ पाहण्यासाठी त्याने खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं आणि चार तास तो तसाच राहिला. इतिहासकारांना ही कथा खरी वाटत नाही. अशीच गोष्ट त्याच्या आधीच्या व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराबद्दलही सांगितली जात होती. पण टर्नरला ती सांगावीशी का वाटली हे चित्रातच दिसतं. बघणाऱ्याला पाय टेकायला जागाच ठेवायची नाही, हा त्याचा हट्ट होता, आणि स्वतः किनाऱ्यावर सुरक्षित राहून असं चित्र काढलं असं कुणी म्हणावं, हे त्याला सोसलं नसतं.

४. तराफ्यावर

आता अशा चित्राकडे येऊ ज्यात निसर्ग फार थोडा आहे.

२ जुलै १८१६ रोजी मेड्यूझ नावाचं फ्रेंच युद्धजहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या मॉरिटानियाजवळ, वाळूच्या उथळ पट्ट्यावर रुतलं. जहाज सेनेगलला चाललं होतं. कप्तान शोमारे राजनिष्ठ होता म्हणून त्याची नेमणूक झालेली. गेल्या वीसेक वर्षांत त्याने जहाज चालवलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. जहाज सोडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या नव्हत्या. मग डोलकाठ्या आणि फळ्या बांधून एक तराफा केला गेला आणि त्यावर सुमारे १४७ माणसं चढवली. होड्यांनी दोर लावून तराफा ओढत न्यायचा असं ठरलं होतं. थोड्याच वेळात दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी आर्गस या जहाजाला तराफा सापडला तेव्हा त्यावर फक्त १५ माणसं जिवंत होती. मधल्या दिवसांत तहान, भूक, मारामाऱ्या, आणि मेलेल्यांचं मांस खाण्यापर्यंत सगळं घडलं होतं. वाचलेल्यांपैकी साव्हिन्यी आणि कोरेआर या दोघांनी पुस्तक लिहिलं आणि फ्रान्समध्ये गदारोळ उठला.

तेओदोर जेरिको तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आत-बाहेरचा. त्याने हा विषय घेतला आणि एखाद्या तपास अधिकाऱ्यासारखा तो त्याच्यामागे लागला. वाचलेल्यांना गाठून त्यांच्याकडून सगळं ऐकलं. तराफ्यावरच्याच सुताराकडून तराफ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली. इस्पितळांत जाऊन मरणाऱ्या माणसांचे रंग अभ्यासले, शवागारातून तोडलेले अवयव आणून त्यांची चित्रं केली. मित्रांना मॉडेल म्हणून बसवलं. पुढे प्रसिद्ध झालेला चित्रकार देलाक्र्वा त्यांत होता. स्वतःचं डोकं भादरलं, म्हणजे बाहेर कुठे जायचा मोह नको. जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटरहून रुंद असा कॅनव्हास १८१९ मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागला. शीर्षक मुद्दाम सौम्य ठेवलं होतं, नुसतं जहाजफुटीचं दृश्य. पण कुठलं जहाज, हे सगळ्यांना कळलं.

आज ते लूव्हरमध्ये आहे. नीट पाहिलं तर समुद्राला त्यात अगदीच कमी जागा दिल्याचं लक्षात येतं. डाव्या बाजूला एक लाट, बाकी कडेकडेने. सगळी जागा माणसांनी भरलेली. खाली डाव्या कोपऱ्यात प्रेतं, त्यांत मेलेल्या तरुणाला मांडीवर घेऊन सुन्न बसलेला एक वयस्क माणूस. तिथून माणसांची रांग चढत चढत उजवीकडे वर जाते, आणि शेंड्यावर एक काळा माणूस कापड हलवतोय. गुलामगिरीवर वाद पेटलेला असताना जेरिकोने सगळ्यांची आशा त्याच्या हातात दिली. दूर क्षितिजावर आर्गस दिसतं, शोधावं लागेल इतकं बारीक. आणि शिडाकडे बघा: वारा ते डावीकडे फुगवतोय, म्हणजे तराफा त्या जहाजापासून दूर जातोय.

तराफ्याचा पुढचा कोपरा चौकटीच्या खालच्या कडेला येऊन भिडतो. चित्र मोठं, आकृती जिवंत माणसाहून मोठ्या. समोर उभं राहिलं की पुढचं पाऊल थेट त्या फळ्यांवर पडेल असं वाटतं. टर्नरने आपल्याला वादळात फेकलं होतं. जेरिको आपल्याला वादळातून वाचलेल्या आणि माणसांनी सोडून दिलेल्या लोकांत नेऊन उभं करतो.

एक आक्षेप रास्त आहे. तेरा दिवस उपाशी असलेली ही माणसं इतकी धष्टपुष्ट कशी? जेरिको रोमन मूर्ती आणि मायकेलअँजेलो डोळ्यांपुढे ठेवून वाढलेला होता, त्याला देह तसाच दिसला. मला वाटतं, त्यात त्याचा एक निर्णयही होता. ही माणसं मोडून पडलेली दाखवली असती तर आपल्याला त्यांची कीव आली असती. ती ताकदवान दाखवल्यामुळे त्यांच्या वाया गेलेल्या ताकदीचा राग येतो. आणि वाळूच्या पट्ट्याला कुणी दोष दिला नाही, दोष कप्तानाला आणि त्याला नेमणाऱ्यांना गेला. शोमारेला तीन वर्षांची कैद झाली.

५. मासा हलला, पण का?

आपत्तीचं चित्र दोष कुणाचा हे विचारू लागलं की ते सरकारला खुपायला लागतं. याचं सर्वांत मजेशीर आणि तितकंच गंभीर उदाहरण पुन्हा जपानमधलं आहे.

११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एडो शहर, म्हणजे आजचं टोकियो, मोठ्या भूकंपाने हादरलं. हजारो माणसं मेली, आगींनी वस्त्या खाक केल्या. जपानमध्ये समजूत अशी, की जमिनीखाली एक अजस्र मासा असतो, मांजरासारख्या मिशांचा. काशिमा देव त्याच्या डोक्यावर शिळा दाबून त्याला गप्प ठेवतो. भूकंप झाला तो महिना जुन्या पंचांगाप्रमाणे दहावा, आणि त्या महिन्यात सगळे देव इझुमोला सभेला जातात. म्हणजे राखणदार जागेवर नव्हता. काही चित्रांत त्याच्या जागी ठेवलेला एबिसु देव चक्क डुलक्या घेताना दिसतो.

भूकंपानंतर काही दिवसांतच या माशाची छापील चित्रं रस्त्यावर विकायला आली. काही आठवड्यांत त्यांचे शेकडो प्रकार झाले. त्यांवर चित्रकाराची सही नसे, सरकारी तपासणीचा शिक्काही नसे. काही घरात चिकटवायचे तोडगे होते, पुन्हा धक्का बसू नये म्हणून. काहींत चिडलेले लोक माशाला बडवताहेत. पण त्याच चित्रात बारकाईने बघितलं तर सुतार, गवंडी, छपरं शाकारणारे बाजूला उभे दिसतात किंवा मारणाऱ्यांना थोपवायला धावतात. शहर पुन्हा उभारायचं म्हणजे त्यांना वर्षभर काम. आणखी एका प्रकारात श्रीमंत व्यापाऱ्यांना सोन्याची नाणी ओकायला लागताहेत आणि गरीब ती गोळा करताहेत. आणि काहींत हाच मासा ढिगाऱ्याखालून माणसं बाहेर काढतोय.

एकाच माशाची इतकी रूपं कशी? कारण भूकंप सगळ्यांना सारखा झाला नव्हता. कुणाचं गोदाम गेलं, कुणाला रोजगार मिळाला, कुणाचं मूल गेलं. तैलचित्रं काढणाऱ्या मोठ्या कलावंतांना जे क्वचित सुचलं ते या बिननावाच्या चित्रकारांना आठवडाभरात सुचलं: आपत्तीचा जमाखर्च असतो, आणि तो घराघराला वेगळा असतो. इथे बघणारा कुठे उभा आहे? स्वतःच्याच पडक्या गल्लीत, हातात ताजा छापलेला कागद घेऊन. दोनेक महिन्यांत सरकारने ही चित्रं बंद पाडली आणि छपाईचे ठोकळे नष्ट करायला लावले.

६. आभाळाची नोंद

थोडं वेगळं वळण, पण वगळवत नाही. चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग होतो का?

२७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याने उठवलेल्या लाटांनी जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावर छत्तीस हजारांहून अधिक बळी घेतले. उंच वातावरणात गेलेले सूक्ष्म कण पृथ्वीभर पसरले आणि सूर्यास्त महिनोन्‌महिने विलक्षण लाल-जांभळे दिसू लागले. लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सकाठी चेल्सीला बसून रंगीत खडूंनी हे आभाळ टिपत राहिला. प्रकाश मिनिटागणिक बदलतो म्हणून एकेका संध्याकाळी भराभर अनेक चित्रं. अशी पाचशेहून अधिक रेखाटनं त्याने केली, आणि रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये काढलेल्या अहवालात त्यांतली काही छापली गेली. पुढे २००७ मध्ये ग्रीक शास्त्रज्ञांनी १५०० ते १९०० या काळातल्या पाचशेहून अधिक सूर्यास्तचित्रांतलं लाल आणि हिरव्या रंगाचं प्रमाण मोजलं. तांबोरा किंवा क्राकाताऊसारख्या मोठ्या उद्रेकांनंतरच्या चित्रांत लाली वाढलेली आढळली. कारण ठाऊक असो-नसो, चित्रकारांनी जे दिसलं ते लावलं होतं.

७. मेदिनीपूर

शेवटची चित्रं आपल्याच देशातली, आणि योगायोगाने बरीचशी एकाच भागाशी जोडलेली.

पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूर भागात पटुवा चित्रकारांची जुनी परंपरा आहे. पिंगला परिसरातलं नया हे त्यांचं प्रसिद्ध गाव. लांब कागदी पट, त्यावर एकाखाली एक चौकटी. चित्रकार पट उलगडत जातो, बोटाने चौकट दाखवतो आणि गातो. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातली चित्रं एकेक कागद पुढे करत सांगतात, त्याच जातकुळीची ही कला. पटुवा मात्र ताज्या घटनाही गातात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांनी तिचे पट केले. त्यांत लाटेला तोंड आहे, मोठे डोळे आहेत, आणि तिच्यात माणसं, गुरं, घरं तरंगताहेत. जयदेव आणि मोयना चित्रकार यांचा असा पट चेन्नईच्या तारा बुक्सने पुस्तकरूपात काढला. तो घड्या उलगडत वाचायचा असतो. होकुसाईची लाट एका क्षणावर थांबते. पटातली लाट थांबत नाही, कारण गाणं पुढे जातं: आधी काय होतं, मग काय झालं, मग कोण उरलं. आणि हे सगळं ऐकणाऱ्याच्या अंगणात.

याच मेदिनीपूरवर १६ ऑक्टोबर १९४२ रोजी चक्रीवादळ आलं. उभं भात झोपलं, खारं पाणी शेतांत शिरलं. ते झालं निसर्गाचं. पुढच्या वर्षी बंगालमध्ये जो दुष्काळ पडला आणि ज्यात वीस ते तीस लाख माणसं मेली, त्यामागे युद्ध होतं, साठेबाजी होती, भडकलेले भाव होते, आणि जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने ताब्यात घेतलेल्या, मोडलेल्या हजारो होड्या होत्या. शहरातल्या दुकानांत तांदूळ दिसत असताना माणसं फुटपाथवर मरत होती. लाट, ज्वालामुखी, वादळ यांतलं काहीच समोर नसलेली ही आपत्ती काढायची कशी?

कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या जैनुल आबेदिन यांनी स्वस्त कागदावर काळ्या शाईच्या कोरड्या, जाड फटकाऱ्यांनी ती काढली. उकिरड्यात अन्न शोधणारी माणसं, शेजारी कावळे, आडवी पडलेली आई. मागे शहर नाही, आभाळ नाही, कागद कोराच. वेरूळच्या शिल्पकाराची युक्ती त्यांनी शेवटच्या टोकाला नेली: जोर कुठेही काढलेला नाही, तो फक्त बरगड्यांवर दिसतो. पुढे नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर किमान तीन लाख माणसं मारली, तेव्हा त्यांनी मनपुरा बेटावरच्या विनाशाचा सुमारे तीस फुटी पट केला. तो एका नजरेत मावत नाही. बघणाऱ्याला प्रेतांच्या कडेने चालत जावं लागतं.

चित्तप्रसाद १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये वही घेऊन मेदिनीपूरमध्ये गावोगाव फिरले. कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकासाठी ते लिहीत आणि चित्रं काढत. नंतर ते मुंबईतच, अंधेरीला, वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्या रेखाटनांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चित्राखाली ते पुष्कळदा लिहून ठेवतात: या माणसाचं नाव काय, गाव कुठलं, घरात कोण होतं, आता कोण उरलं. राइटच्या व्हेसुव्हियसखाली एकही नाव नाही, होकुसाईच्या होड्यांतल्या माणसांनाही नाही. इथे बघणाऱ्याला कठडा नाही, होडी नाही; तो एका ठरावीक झोपडीच्या दारात उभा आहे आणि आतल्या माणसाची त्याच्याशी ओळख करून दिली गेली आहे. एवढी ओळख झाल्यावर सुंदर की भयंकर हा प्रश्न उरतच नाही, आणि सुरुवातीच्या शंकेचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे.

या प्रवासाची चित्रं आणि टिपणं ‘हंग्री बेंगॉल’ या छोट्या पुस्तकात छापली गेली. इंग्रज सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत चित्तप्रसादांच्या कुटुंबाने जपून ठेवली होती. तिच्यावरून २०११ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने हुबेहूब प्रतिकृती काढली, आणि त्या माणसांची नावं आणि गावं आज आपल्याला वाचता येतात.